दांड्याभोवतीचा केस

रोबोटच्या पुढच्या उजव्या चाकाच्या दांड्याभोवती एक केस गुंडाळलेला होता. मेघालीने प्रयोगशाळेतला चिमटा घेऊन तो हळूहळू उलगडला. वीतभर लांब, मेंदीने तांबूस, मुळाशी पांढरा. वंगण आणि धूळ लागून चिकट झालेला. तिने तो पांढऱ्या कागदावर ठेवला आणि साबणाने हात धुतले. मग पुन्हा धुतले. नववीतल्या मुलांचे केस पिकत नाहीत.

"एकदम नवा आहे, मॅडम," धीरज सर म्हणाले. ते शाळेचे सचिव. रोबोटचं खोकं त्यांनी सकाळी स्वतःच्या गाडीतून आणलं होतं. "मुंबईच्या रोबोटिक्स क्लासने खास आपल्यासाठी बनवलाय."

"हा केस कुणाचा?"

सरांनी कागदाकडे पाहिलं आणि फुंकर मारली. केस उडून मेघालीच्या बाहीवर बसला. तिच्या अंगावर काटा आला.

रोबोटिक्स स्पर्धेचा यंदाचा विषय कालच जाहीर झाला होता: समुद्रातला कचरा. निळ्या फ्लेक्सवर पसरलेले प्लास्टिकचे ठोकळे रोबोटने उचलून कोपऱ्यातल्या टोपलीत टाकायचे. रोबोट मुलांनीच बनवलेला हवा, हा पहिला नियम. विषय काल आला आणि रोबोट आज आला. तो गेल्या वर्षी दुसऱ्याच कुठल्या तरी शाळेसाठी धावला असणार.

मुलांचा रोबोट कपाटावर होता. विषय कुठलाही असो, काही ना काही उचलावं लागतंच, म्हणून दीपिका आणि विपुल सुट्टीभर त्याच्या मागे लागले होते. सरळ जायला सांगितलं की तो डावीकडे सरकायचा. त्याचा पंजा मात्र चांगला होता. दीपिका समुद्रकाठच्या घिवलीची. चिंबोरी, म्हणजे खेकडा, हातात धरून, तिची नांगी पाहून तिने तो पंजा आखला होता. "मॅडम, तिचं एकच बोट हलतं, दुसरं घट्ट असतं," ती म्हणाली होती. "म्हणजे आपल्याला एकच मोटर पुरेल." ते ऐकून मेघाली दिवसभर खुशीत होती. पुढच्या वर्षी दीपिका दहावीला जाणार, आणि दहावीच्या मुलांना शाळा स्पर्धेला पाठवत नसे. हा पंजा स्पर्धेत उतरला तर यंदाच.

"मार्गदर्शक म्हणून तुमचंच नाव घालतोय," धीरज सर म्हणाले. "विज्ञानाचा शिक्षक लागतो, त्याशिवाय संघ घेत नाहीत."

"बघते."

गेल्या वर्षी याच क्लासकडून तयार प्रोग्राम आला तेव्हाही ती "बघते" म्हणाली होती. सरांनी ते हो धरलं होतं. आताही धरलं.

"मॅडम, हा मस्त पळतो," विपुल म्हणाला. तो केव्हाच नव्या रोबोटपाशी गुडघे टेकून बसला होता. "आपला तर दारू प्यायल्यासारखा जातो."

"तुझ्याच वायरिंगमुळे जातो," दीपिका म्हणाली. तिच्या हातात क्लासने पाठवलेलं भाषण होतं. परीक्षकांपुढे काय बोलायचं, ते त्यात शब्दन् शब्द लिहिलेलं होतं.

"म्हणून दाखव बघू," धीरज सर म्हणाले.

दीपिकाने पाठीमागे हात बांधले. "आम्ही तीनदा अपयशी ठरलो, पण हरलो नाही. माझे आजोबा मच्छीमार होते. जाळ्यात मासळीऐवजी प्लास्टिक आलेलं पाहून ते रडायचे. आज ते या जगात नाहीत..."

"इथे थांब. खाली बघ. मनात तीन आकडे मोज आणि मग वर बघ," सर म्हणाले. "डोळ्यांत पाणी आलं तर सोन्याहून पिवळं."

दीपिकाने खाली पाहिलं, वर पाहिलं. तिला ते छान जमत होतं, हे मेघालीला सगळ्यात किळसवाणं वाटलं.

सर बाहेर गेल्यावर तिने विचारलं, "दीपिका, तुझे आजोबा आहेत ना गं?"

"आहेत की. सर म्हणाले, फक्त स्पर्धेपुरतं." तिने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मॅडम, असं बोललं तर काही होतं का?"

खिडकीतून कारखान्यांकडचा गोडसर, नासक्या फळांसारखा वास येऊ लागला होता. मेघालीने खिडकी लावून घेतली.

दुपारी सभागृहात उद्घाटन झालं. पालक जमले होते. टेबलावर ठेवलेल्या रोबोटला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. धीरज सरांनी नारळ फोडला आणि थोडं पाणी रोबोटवरही शिंपडलं. टाळ्या पडल्या. रोबोट खाली उतरवून सुरू केला तेव्हा एक पाकळी चाकात गेली आणि फ्लेक्सवर पिवळा ओला पट्टा उठत गेला. चार ठोकळे बिनचूक टोपलीत पडले. पुन्हा टाळ्या.

मग दीपिका माईकसमोर आली. "जाळ्यात मासळीऐवजी प्लास्टिक आलेलं पाहून ते रडायचे. आज ते या जगात नाहीत..." ती थांबली. तिने खाली पाहिलं.

"आरं! मी मेलो कदी?"

मागच्या रांगेत एक म्हातारा उभा राहिला होता. डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. चिंतू आजोबा. नातीचं भाषण ऐकायला न सांगता टमटमने घिवलीहून आले होते.

सभागृह खदखदून हसलं.

"मी हाय ना इथं! आन् रडलो कदी गं मी? शिव्या घालतो मी त्या कचऱ्याला, इचार तुझ्या आजीला!"

दीपिका माईकचा दांडा धरून उभी होती. तिचे कान लाल झाले होते. आता डोळ्यांत खरंच पाणी होतं.

धीरज सर लगबगीने आजोबांपाशी गेले. पिशवीत सुके बोंबील होते. सरांनी रुमाल नाकाला लावला. "आजोबा, बसा. हे भाषणापुरतं असतं. परीक्षकांना आवडतं."

"माझं मरण आवडतं?"

पुन्हा हशा झाला, पण आधीपेक्षा कमी. आजोबा बसले नाहीत. ते नातीकडे पाहत होते. "बायो, तू बनवलंस ना ते? चिंबोरीवानी पकडतं म्हनालीस. मंग त्यात चिंबोरी कुटं हाय?"

दीपिकाने रोबोटकडे पाहिलं, मग मेघालीकडे.

"मॅडम, तुम्ही सांगा जरा," धीरज सर रुमालाआडून हसत म्हणाले. "मार्गदर्शक तुम्ही आहात. आपला संघ हाच रोबोट घेऊन उतरतोय ना?"

बाहीवर अजून काहीतरी वळवळतंय असं मेघालीला वाटलं. तिने बाही झटकली. ती व्यासपीठावर गेली आणि दीपिकासमोरच्या दांड्यावरचा माईक काढून घेतला.

"नाही," ती म्हणाली. "हा रोबोट या मुलांनी बनवलेला नाही. याच्यासोबत माझं नाव जाणार नाही. मुलांचा रोबोट प्रयोगशाळेत कपाटावर आहे. तो डावीकडे जातो. तो स्पर्धेत उतरवणार असाल तरच मी मार्गदर्शक आहे."