चिंबोरीची साक्ष

"ह्यावर कोणाचा विश्वास बसत नाय, म्हणून आधीच सांगतो, तू पण ठेवू नको," धाकू म्हणाला आणि यज्ञेशच्या मोबाइलवर त्याने आपला पंजा आडवा ठेवला. "माझी नोकरी एका चिंबोरीनं घालवली."

यज्ञेशने मोबाइल पंजाखालून ओढून घेतला. कंपनीच्या नावे मेल लिहून तयार होता, फक्त पाठवायचा राहिला होता.

बाळकुमच्या ह्या सोसायटीच्या जागी पूर्वी बाटल्यांची झाकणं बनवणारा कारखाना होता, आणि धाकू त्यात कामाला होता. आता सत्तरी उलटल्यावर तो रोज संध्याकाळी फाटकाजवळच्या बाकावर बसे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थापा ऐकवी. बाकाशेजारी सरोज मासळी विकायला बसायची, धाकूच्या जुन्या सोबत्याची, मधुची बायको. ह्या घटकेला तिची टोपली ओल्या फडक्याखाली झाकलेली होती आणि ती वॉचमनच्या केबिनमागे नळावर गेली होती.

"काका, आज फेकू नका," यज्ञेश म्हणाला. "आज नको."

आज सकाळी अकरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये त्याची नोकरी गेली होती. रविवारी प्रोजेक्ट लाइव्ह गेला, सोमवारी केक कापला, मंगळवारी हे. कॉल संपायच्या आत लॅपटॉप बंद पडला होता. चाळीस जण गेले म्हणे. कोण आणि कशावरून, ते कोणालाच माहीत नव्हतं. एवढं मात्र माहीत होतं की स्वानंद राहिला. स्वानंद त्याच टीममधला, त्याच दिवशी लागलेला, एकोणिसाव्या मजल्यावर यज्ञेशच्याच फ्लॅटमध्ये राहणारा.

"वर बसून बोलतोय, माझी स्क्रीन दिसतेय ना सगळ्यांना," यज्ञेश म्हणाला. "पाचदा विचारलं त्याने. दिसतेय रे बाबा. गळ्यात आयकार्डाचा पट्टा पण घातलाय, घरात. मला ऐकवेना, म्हणून खाली आलो."

"आणि हे काय लिवलंस?"

"खरं तेच लिहिलंय. मे महिन्यात हा तीन आठवडे गुहागरला होता. ऑफिसच्या दारावर मात्र त्याचं कार्ड रोज लागत होतं."

"कोण लावायचं?"

यज्ञेशने अंगठा पाठवायच्या बटणावर नेला. ते मेलमध्ये लिहिलेलं नव्हतं. धाकूने क्षणभर त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग मांडी बदलली.

"आमच्या वेळी असं चोरून नव्हतं. बारा माणसं कमी करायची ठरली, तर यादी फाटकावर लागली. जो शेवटी लागला तो आधी जाणार. सात दिवस लावून ठेवलेली, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. माझा टोकन नंबर दोनशे सतरा, मधुचा दोनशे अठरा. एकाच सकाळी लागलेलो, तो रांगेत माझ्या मागे. आणि रेघ कुठे आली? बरोबर आमच्या दोघांच्या मधे. मी वर, मधु खाली."

"म्हणजे तुम्ही वाचलात."

"वाचलेलोच. पण नारळी पौर्णिमेनंतर मी पंधरा दिवस होडीवर गेलेलो. कोळ्याची जात, राहवतंय होय? मग कार्ड कोण मारणार? एक चिंबोरी पाळलेली, हा एवढा खेकडा. घड्याळाखाली सुंभानं बांधून ठेवायचो. सातचा भोंगा झाला की नांगी वर, कार्ड आत, टक्. पंधरा दिवसांत एकदा उशीर नाय. टाइमकीपरला दिसायचं कमी. तो म्हणायचा, धाकू, हात एवढा लाल कशानं रं झाला?"

"चिंबोरी शिजल्यावर लाल होते, काका. जिवंत हिरवी असते."

"त्यानं विचारलं, म्हणून लाजली ती."

सकाळपासून पहिल्यांदा यज्ञेशच्या ओठांची कड हलली. धाकूला तेवढं पुरे झालं.

"तर सहाव्या दिवशी हरकत आली. दोनशे सतरा होडीवर होता आणि त्याचं कार्ड हजर होतं, चौकशी करा. झाली चौकशी. माझी नोकरीतली वर्षं तुटली, नाव गेलं खाली, मधु आला वर."

"हरकत कोणी घेतली?"

"हे गुपित दोघांनाच ठाऊक. एक मी, एक चिंबोरी. आता तूच सांग."

"पण तिने का घ्यावी?"

धाकूने फाटकाबाहेर पाहिलं. केबिनमागचा नळ बंद झाला होता, ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

"जळली," तो हळू म्हणाला. "हा आपला वाऱ्यावर, जाळ्यात जिताडा घावतो, आणि आपण भोंग्याखाली बांधलेलो. आणि वर रेघेच्या वरती पण हाच. हा का, मी का नाय? आतून पोखरतं ते, यज्ञेश. जेवताना पोखरतं." त्याने गुडघ्यावरची नसलेली धूळ झटकली. "मी मात्र एक दिवस जळलो नाय. मधु माझ्या जागेवर शेवटपर्यंत काम करून गेला, मी त्याला रोज राम राम केला. तू पण सोड."

यज्ञेश ऐकत होता, पण त्याची नजर धाकूच्या खांद्यावरून मागे गेली. सरोज भरलेली बादली घेऊन उभी होती. किती वेळ, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. तिने बादली टेकवली, टोपलीवरचं फडकं उचललं, पिळलं आणि पुन्हा नीट पसरलं.

"भावजी," ती म्हणाली.

धाकू वळला नाही.

"दोनशे सतरा ह्यांचा नंबर. घरात अजून आहे तो बिल्ला, खिळ्याला. नोकरी ह्यांची गेली, ही टोपली मी हौसेनं नाय उचलली." तिने यज्ञेशच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं आणि आवाज जराही न चढवता पुढे म्हणाली, "आणि चिंबोरी कुठली आली? कार्ड तुम्ही मारायचात. ते पंधरा दिवस जिताड्याचा मधला तुकडा तुमच्या घरी जायचा. मीच आणून द्यायची."