हेन्ड्रिक्स बाईंनी न केलेली सही

धम्मदीपाची डॉक्टरकी बारावीनंतर चार मार्कांनी हुकली. आता एकोणतिसाव्या वर्षी, इथे नेदरलँड्समध्ये, पदवीधरांना चार वर्षांत डॉक्टर करणारा अभ्यासक्रम तिला सापडला. जागा मोजक्या, अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार, आणि जुन्या दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं हवीत. ‘या वेळी हुकलं तर पुन्हा नाही रे जमणार मला,’ असं तिने मला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सांगितलं होतं.

नागपूरच्या अजित सरांचं उत्तर पाच मिनिटांत आलं. ‘अभिनंदन बेटा. मजकूर तूच पाठव, मी सही करतो.’ आपल्याकडे पत्रं अशीच मिळतात, त्यामुळे नवल वाटलं नाही. पण स्वतःचं कौतुक लिहायला बसलेल्या धम्मदीपाची तासाभरात दीड ओळ झाली. मग लॅपटॉप मी ओढून घेतला. बायकोचं कौतुक करायची अशी अधिकृत संधी रोज थोडीच मिळते! असामान्य, अद्वितीय, ‘हिच्या हातून कधीच चूक होत नाही’... मी हात आखडता घेतला नाही. सरांनी न वाचताच सही करून पाठवली.

तेच पत्र, सहीचं नाव बदलून, मी तिला इथल्या तिच्या मास्टर्सच्या प्राध्यापक हेन्ड्रिक्स बाईंनाही पाठवायला लावलं. बाईंचा वेळ वाचेल, हा माझा थोर विचार. उत्तर आलं, ‘बुधवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी भेट.’

आम्ही राहतो त्या हूफडॉर्पहून विद्यापीठात जाताना गाडीत धम्मदीपा ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत होती.

बाईंसमोर पत्राची प्रिंट होती. ‘हे कोणी लिहिलं?’

‘मी,’ मी म्हणालो.

‘यातल्या मुलीला मी ओळखत नाही. मी यावर सही करणार नाही.’

धम्मदीपा कशीबशी म्हणाली, ‘सॉरी. आमच्याकडे मजकूर विद्यार्थीच देतात. फसवायचं नव्हतं.’

‘कधीच चूक होत नाही?’ बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. ‘मग लॅबमधल्या फ्रीजचं दार रात्रभर उघडं कोणी ठेवलं होतं?’

‘मी.’

‘त्रेचाळीस नमुने वाया गेले. सगळे जुन्या फ्रीजला दोष देत होते. आणि सकाळी मी कोट काढायच्या आत तू दारात येऊन म्हणालीस, चूक माझी आहे. तेच मी लिहिलंय. काल प्रवेश समितीला पाठवूनही दिलं.’

‘ते लिहिलंत?’ धम्मदीपा पांढरीफटक पडली.

बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. फ्रीजची गोष्ट खरंच होती, अगदी नमुन्यांच्या आकड्यासकट. आणि शेवटची ओळ होती, ‘मी आजारी पडले, तर मला हीच डॉक्टर हवी.’

धम्मदीपाला रडू फुटलं. बाई गोंधळून टिश्यू शोधू लागल्या. माझ्या पानभर विशेषणांत असं एक वाक्य नव्हतं, याची मला लाज वाटली, आणि बायकोचा अभिमान त्याहून जास्त वाटला.

बाहेर सायकलींच्या स्टँडपाशी येताच तिने स्पीकरवर नागपूरला फोन लावला. ‘सर, ते सही केलेलं पत्र राहू द्या. तुम्हाला मी जशी आठवते, तसं तुम्हीच लिहाल का? शुक्रवारच्या आत?’

मला वाटलं, आता सर रागावणार.

‘अगं, वीस वर्षांत हे कोणी विचारलंच नाही,’ सर म्हणाले. ‘फळ्यावरची माझी चूक तू भर वर्गात दाखवली होतीस. ते लिहू?’

‘लिहा, सर,’ डोळे पुसता पुसता धम्मदीपा हसायला लागली.

‘मग आठवडाभर मी तुझ्याशी बोललो नव्हतो, तेही लिहितो. आणि चूक माझीच होती, हेसुद्धा.’