बस्त्याचा मान

देगलूरच्या कापडलाइनीत मलप्पांइतका बोलका दुकानदार दुसरा नव्हता. मराठी, कानडी, तेलुगू आणि हैदराबादी हिंदी, चारही भाषांत ते भाव चढवून सांगायचे आणि चारही भाषांत रडत-कुढत उतरवायचे. "मालक, यात माझं बारदानाचंबी निघंना," म्हणताना त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी यायचं. गिऱ्हाईक खूश, मलप्पा त्याहून खूश. अशा माणसाच्या दुकानात त्यांच्याच लेकीनं, शिवानीनं, यंदा 'एकच भाव' अशी पाटी लावली. झालं! मलप्पांचं तोंडच बंद झालं.

शिवानी लातूरला एम.कॉम. करून परतली होती. पण हे खूळ काही तिला नुसत्या पुस्तकातून सुचलं नव्हतं. एकच माल दोन गिऱ्हाइकांना दोन भावांनी कसा विकतात, हे सर वर्गात समजावून सांगत होते. तेव्हा बाकावर शेजारी बसलेली पंचशीला, तीही देगलूरचीच, हळूच म्हणाली, "यात नवीन काय? माझ्या आईनं तुमच्या दुकानातून साडी घेतली. तीच साडी शेजारणीला दोनशे रुपये कमीनं मिळाली. आईला भांडता येत न्हाई ना." ती चिडून बोलली असती तर परवडलं असतं. ती सहज बोलली, आणि शिवानीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर तिनं वडिलांना सरळ सांगितलं, "अप्पा, ज्याची जीभ चालते त्याला स्वस्त आणि जो गप बसतो त्याला महाग, हे मला पटत नाही. मला हे दुकान चालवायचंय, पण असं नाही."

मलप्पा साऱ्या बाजाराला पुरून उरायचे, लेकीपुढं मात्र मेणाहून मऊ. तरी त्यांनी अट घातलीच. "ही लगीनसराई बघू. बस्ते आले तर पाटी ऱ्हाईल आन् गादीवर तू बसशील. न्हाई आले, तर पाटी काढायची, दुकान भाड्यानं द्यायचं आन् तू गुमान बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा."

शिवानीला बँक नको होती. कोऱ्या कापडाच्या वासात ती लहानाची मोठी झाली होती आणि तिला हवी होती ती हीच गादी.

पाटीचा गुण लगेच दिसला म्हणा. एकट्यादुकट्या बायका बिनधास्त पायऱ्या चढू लागल्या. पंचशीलेची आई आली, साडीला लावलेल्या चिठ्ठीवरचा भाव वाचला, पैसे मोजले आणि हसून निघून गेली. त्या दिवशी शिवानी संध्याकाळपर्यंत गुणगुणत होती. पण कापडदुकान काय अशा सुट्या विक्रीवर चालतं? ते चालतं बस्त्यावर. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं टेंपो भरून येतात आणि नवरीच्या शालूपासून आहेराच्या टॉवेलापर्यंत सगळं कापड एकाच दुकानातून बांधून नेतात. आणि बस्ते सगळे चालले होते समोरच्या वीरण्णांकडं! तिथं तासन्‌तास घासाघीस होऊन शेवटी जो भाव ठरायचा, तो शिवानीच्या चिठ्ठीवरच्या भावाहून चढाच असायचा. तिनं चौकशी करून खात्री केली होती. लोकांना हिशेबसुद्धा कळत नाही की काय, म्हणून ती नुसती चडफडायची.

एका दुपारी वीरण्णांच्या दारात असाच टेंपो थांबला आणि पुढच्या सीटवरून दगडोबा उतरले. दगडोबा म्हणजे आसपासच्या गावांतला बस्त्याचा माणूस. लग्न कुणाचंही असो, भाव पाडायला दगडोबा पाहिजेत. इतकी वर्षं मलप्पांच्या गादीवर मांडी ठोकून बसणारा हा म्हातारा आज समोर चढलेला बघून शिवानी हातातलं कापड टाकून दारात आली.

समोरचं सगळं इथून दिसत होतं. दगडोबा हात नाचवत होते, लुगडं उलटंपालटं करत होते. आणि गल्ल्याशेजारी बसलेले मलप्पा पुटपुटत होते.

"आता उठंल बघ... उठला! आता पायरीपर्यंत जाईल. ए वीरण्णा, येड्या, चहा सांग की! चहा सांगितल्याबिगर म्हातारा वळत न्हाई... हां, सांगितला. वळला बघ, वळला!"

वीरण्णांनी पायरीवरून दगडोबांना बाही धरून मागं आणलं, तशी टेंपोतली सगळी माणसं खदाखदा हसली. नवरीचा बाप तर असा फुलला होता, जणू त्यानंच लढाई जिंकली. इकडं मलप्पाही हसले. मग आपल्या दुकानातली शांतता त्यांच्या ध्यानात आली, आणि ते उगाच आधीच घडी घातलेल्या साडीची पुन्हा घडी घालू लागले.

शिवानीला रडू फुटायचंच बाकी राहिलं. दगडोबा काही पैसे वाचवायला येत नव्हते. चारचौघांत आपल्या शब्दाला वजन आहे, हे दाखवायला ते येत होते, आणि अप्पांचंही तेच होतं. तिच्या पाटीनं पंचशीलेच्या आईला बळ दिलं, पण या दोन म्हाताऱ्यांना मुकं करून टाकलं. पाटी तर काढायची नव्हती. मग करायचं काय? त्या रात्री जेवताना तिनं वडिलांशी एक बेत ठरवला, आणि ऐकता ऐकता मलप्पांनी एक भाकरी जास्त खाल्ली.

पुढच्या आठवड्यात दगडोबांच्याच नातवाचा, सत्यमचा, बस्ता निघाला. टेंपो समोर वळणार एवढ्यात शिवानी पायरीवर आली. "आजोबा, चहा तरी घेऊन जा!"

"तुमच्या दुकानात तोंड शिवून बसावं लागतं, बाई," दगडोबा फणकारले. "आमाला न्हाई जमत."

"भाव चिठ्ठीवरचाच, तो हलायचा नाही. पण बस्त्यावर दुकानानं मान काय द्यायचा, म्हणजे वरून फुकट काय घालायचं, ते आजपासून तुम्ही ठरवायचं. हवं तेवढं भांडून."

दगडोबांचे कान टवकारले. "कुणासंगं?"

शिवानीनं आत बोट केलं. मलप्पा बाह्या सरसावून बसले होते.

मग काय विचारता! कापड निवडून तासाभरात बांधून झालं, भावाचा शब्दही निघाला नाही, आणि खरा बस्ता त्यानंतर सुरू झाला. दगडोबांनी करवल्यांना साड्या मागितल्या, मलप्पांनी खणावर आणलं. दगडोबा दोनदा उठले, मलप्पांनी दोनदा चहा सांगितला. मलप्पांना रंग चढला की कानडी निघायची. "आगल्ला, आगल्ला! न्हाई जमत!" म्हणत ते कपाळ बडवून घेत होते. दगडोबांची बायको, केवळाबाई, पदरात तोंड लपवून हसत होती. वीरण्णासुद्धा आपलं दुकान सोडून बघायला आले.

शेवटी सगळं एका फेट्यावर अडलं. दगडोबांना स्वतःसाठी मानाचा फेटा पाहिजे होता.

"काय मालक, एवढा बस्ता नेला आन् एका फेट्याला जीव व्हायना तुमचा?"

मलप्पांनी एकदा वरच्या फळीकडं बघितलं. मग मांडीवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फेट्याचं माझ्या हातात न्हाई, दगडोबा. मालकिणीला इचारा."

लगीनसराई अजून अर्धीही सरली नव्हती, आणि अप्पा तिला मालकीण म्हणत होते. साऱ्या माना शिवानीकडं वळल्या. तिनं वरच्या फळीवरचा गुलाबी फेटा काढला आणि वडिलांच्या हातात दिला.

"द्या अप्पा. आणि बांधा तुम्हीच."

दगडोबा डोकं पुढं करून बसले. मलप्पा फेट्याचे वेढे देत होते. शेवटचा पदर खोचून झाल्यावर ते लेकीच्या कानाशी वाकले आणि कुरकुरले, "लई लवकर हो म्हणालीस. अजून अर्धा घंटा ताणायचं होतं."