सांडलेला आवाज

त्या एफएम केंद्राच्या मालकाला पाठीमागे सगळे ‘भोंगा’ म्हणत. ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं, या एका समजुतीवर त्याने धंदाही चालवला होता आणि संसारही. शेजारचं केंद्र आपल्यापेक्षा जोरात लागतं, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, तेव्हा त्याने केंद्राच्या इंजिनिअरला, म्हणजे स्वतःच्या मेहुण्याला, आवाजाचं मॉड्युलेशन चढवायला सांगितलं.

मेहुण्याने समजावून पाहिलं. प्रत्येक केंद्राला हवेत एक पट्टा आखून दिलेला असतो. आवाज प्रमाणाबाहेर चढवला की तो फाटतो, शिवाय पट्ट्याबाहेर सांडून शेजाऱ्याच्या अंगणात जातो. केंद्र कुणाचं आहे, एवढंच भोंग्याने विचारलं. बहिणीच्या नवऱ्याशी कोण वाद घालणार? मेहुण्याने बटण फिरवलं.

निवेदिकेचा ‘स’ तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा चरचरू लागला. तिला सर्दी झाली का, असं श्रोते फोन करून विचारत. भोंग्याला मात्र सगळं खणखणीत ऐकू येई, कारण त्याच्या केबिनमधला स्पीकर तारेने थेट स्टुडिओला जोडलेला होता. गाडीत रेडिओ होता, पण गाडीत तो स्वतःच बोलत असे. घरचा रेडिओ खरखरतो अशी बायकोने कुरकुर केली, तर त्याने नवा आणला. तोही खरखरतो म्हणाली, तेव्हा हल्लीच्या वस्तूंत दम नाही, म्हणाला.

त्याला लहानाचं मोठं करणारी आत्या चार गल्ल्या पलीकडे राहायची. सकाळी शेजारच्या केंद्रावर जुनी गाणी ऐकणं, हा तिचा एकुलता एक शौक. एक दिवस ऐन गाण्यात गाद्यांची जाहिरात घुसली, आणि मग रोजच घुसू लागली. त्या लोकांचं यंत्र बिघडलंय वाटतं, असं तिने भाच्याला फोनवर सांगितलं. भोंगा हरखला. मीटिंगमध्ये त्याने ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. सगळे हसले. मेहुणाही हसला, जरा उशिरा.

शेजारच्या केंद्राने तक्रार केली आणि टपावर अँटेना लावलेली गाडी घेऊन सरकारी तपासनीस आले. मोजमाप घेत ते आत्याच्या गल्लीत पोचले, तिच्या हातचं पाणी प्यायले, तिचं गाऱ्हाणं ऐकलं, आणि तिथून थेट भोंग्याच्या दारात. तपासायचं तर शेजाऱ्याला तपासा, घरचीच साक्षीदार आहे, म्हणत त्याने आत्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

“आत्या, यांना सांग, बिघाड कुणाच्या यंत्रात आहे.”

“यंत्रातलं मला काय कळतंय? पण तू लहानपणीही असाच ओरडायचास. तेव्हा निदान दार लावून घेता यायचं.”

तपासनिसांनी कागदांत डोकं घातलं. मग एकाने गाडीतून छोटा रेडिओ आणून टेबलावर ठेवला आणि भोंग्याचं केंद्र लावलं. स्वतःचं केंद्र हवेतून ऐकण्याची त्याची ती पहिलीच वेळ. पत्र्यावर खिळा ओढावा तशा आवाजात कुणाच्या तरी रेकॉर्ड केलेल्या शुभेच्छा वाजत होत्या.

“हा कोण गाढव?” त्याने विचारलं.

“तुम्हीच, भाऊजी,” मेहुणा म्हणाला.

दंड झाला, मॉड्युलेशन खाली आलं. दुसऱ्याच आठवड्यात ‘आता आणखी मुलायम’ अशी केंद्राची जाहिरात सुरू झाली. कल्पना अर्थात मालकांची. आणि आपल्याला हे आधी कुणीच का सांगितलं नाही, असं भोंगा भर मीटिंगमध्ये मेहुण्याला ओरडून विचारत होता.