वळणावर बोलत राहायचं

"बोलून दाखवा," सुपरवायझर म्हणाला.

तो पाणीखात्याच्या ऑफिसच्या पायरीवर उभा होता आणि पाइपलाइनवाला रेडिओ पन्नास पावलांवर, फाटकापाशी. रेडिओने छाती भरून श्वास घेतला, मान वर केली आणि जोर लावून काहीतरी म्हटलं. पायरीपर्यंत नुसती खरखर पोहोचली.

"काय म्हणालात?"

"म्हणाले, हा काय पोरखेळ लावलाय," रेडिओच्या शेजारी उभ्या असलेल्या बायकोने खणखणीत आवाजात सांगितलं.

सुपरवायझर ओशाळला. वयाने लहान होता आणि मनानेही वाईट नव्हता. पायऱ्या उतरून तो जवळ आला. "काका, रागावू नका. मला इथं ऐकू येत नाही, तर अस्वलाला तिथं काय ऐकू येणार?"

"त्याचे कान तुझ्यापेक्षा बरे आहेत," रेडिओ म्हणाला. हे मात्र सुपरवायझरला नीट ऐकू आलं.

गोष्ट साधी होती. डोंगरात जिथून गावाचं पाणी उचलतात तिथल्या जाळीत पानगळीचा कचरा अडकला होता आणि सकाळपासून गावातले नळ करंगळीएवढे वाहत होते. जाळी साफ करायला कुणीतरी पाइपाच्या कडेकडेने चार किलोमीटर वर जायला हवं होतं. बदली माणूस सोमवारशिवाय येणार नव्हता. आणि सोमवारी रेडिओचं ऑपरेशन होतं. गळ्यात गाठ होती. स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टरांनी मंगळवारी सांगितलं होतं. आज शुक्रवार.

"एकट्याला मी सोडणार नाही," सुपरवायझर म्हणाला. "आवाज असलेला माणूस सोबत पाहिजे."

"मी जाते," बायको म्हणाली. "आवाज आहे मला."

त्याबद्दल कुणाला शंका असण्याचं कारण नव्हतं. नवऱ्याचा डबा घेऊन ती आली होती ती खरं तर त्याला घरी परत न्यायला. आता डबा ऑफिसच्या कपाटात राहिला, कारण वरच्या वाटेवर खाण्याचा कणही न्यायचा नाही हा पहिला नियम. रेडिओने तिची पिशवी उलटी करून पाहिली आणि औषधाच्या दोन गोळ्या व खोकल्यासाठी ठेवलेली लिमलेटची गोळी काढून घेतली. लिमलेट त्याने सुपरवायझरच्या हातावर ठेवली. सुपरवायझरने ती मुकाट्याने तोंडात टाकली.

रेडिओ हे नाव त्याला खात्यातल्या लोकांनी ठेवलं होतं, त्याला एकतीस वर्षं होत आली. त्याच्या आधीचा पाइपलाइनवाला अबोल माणूस होता. ओढ्याच्या आवाजात त्याच्या पावलांचा आवाज अस्वलाला ऐकू आला नाही, त्यालाही अस्वलाचा आला नाही, आणि दोघं एका वळणावर समोरासमोर आले. तो वाचला, पण एक कान आणि नोकरी दोन्ही गेली. त्यानंतर हा कामाला लागला तेव्हा म्हाताऱ्या मिस्त्रीने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं, "बोलत राहायचं. काय बोलतोस ते तुझं तू बघ. माणूस येतोय हे लांबून कळलं की ते आपणहून बाजूला होतं. त्यालाही तुझी भेट नकोच असते. वळणावर तर बोललंच पाहिजे."

पुढं खात्याने एकदा कमरेला बांधायच्या घंटा दिल्या. महिन्याभरात अस्वलं त्या घंटांकडं ढुंकून बघेनात. माणसाच्या आवाजाची गोष्ट वेगळी होती. पहिले काही दिवस रेडिओने पाढे म्हटले. पाढे एकोणतिसापर्यंतच येत होते. ते संपल्यावर शाळेतल्या कविता झाल्या, मग रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या झाल्या. त्याही संपल्या तेव्हा त्याच्याजवळ घरच्याच गोष्टी उरल्या. रोज चार किलोमीटर वर आणि चार खाली. एवढं बोलायला माणसाजवळ दुसरं असतं तरी काय?

आणि संध्याकाळी घरी येऊन तो कोमट पाण्याने गुळण्या करायचा, खुर्चीत बसायचा आणि तोंडाला कुलूप लावायचा. शेजाऱ्यांना कित्येक वर्षं वाटत होतं की हा गृहस्थ मुका आहे. मुलीने आपलं लग्न आपणच ठरवल्याचं सांगितलं तेव्हा त्याने मान डोलावली. तिच्या सासरचे आले तेव्हा त्याने दोनदा मान डोलावली. "यांचं सगळं बोलणं अस्वलांच्या नशिबात," बायको सगळ्यांना हसत सांगायची. हसत सांगता सांगता तिला त्या वाक्याची इतकी सवय झाली होती की त्यात राग किती आहे हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

मंगळवारी मात्र कळलं. डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाले होते, "ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही. जे काही बोलायचंय, ते रविवारपर्यंत बोलून घ्या." त्या संध्याकाळी तिने टीव्ही बंद केला, दाराला कडी लावली आणि त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली. हात मांडीवर ठेवून वाट पाहत राहिली. तोही बसून राहिला. तिला त्याच्या कपाळावरची शीर हलताना दिसत होती. बऱ्याच वेळाने त्याने ओठ उघडले.

"मोरीतल्या नळाचा वॉशर बदलायला हवा," तो म्हणाला.

बुधवारी काहीच नाही. गुरुवारी त्याने वॉशर बदलला.

वाट ओढ्याच्या काठाने चढत होती. डावीकडे कमरेएवढा जाड काळा पाइप, उजवीकडे झुडपं. थंडीच्या आधीचे दिवस होते. झुडपं लाल रानफळांनी लगडली होती आणि अस्वलं दिवसभर खात सुटण्याचा हा मोसम. रेडिओ पुढं चालत होता, बायको दोन पावलं मागं. पहिल्या वळणाआधी त्याने हात वर करून तिला खूण केली.

"काय बोलू?" तिने विचारलं.

त्याने खांदे उडवले.

"काय बोलू म्हणजे काय! बोलायला काय कमी आहे?" असं म्हणून तिने तोंडाचा पट्टा सोडला. आधी हॉस्पिटलच्या शिवणखोलीतल्या तिच्या मुकादमबाईचा उद्धार झाला. चादरींच्या कडा दुमडायला लावते आणि दोरा मोजून देते, म्हणे. मग वरच्या मजल्यावरच्या बाईचं टपकणारं धुणं आलं. मग गुडघे. दुसऱ्या वळणावर ती आपल्या सासूपर्यंत पोहोचली, जी जाऊन चौदा वर्षं झाली होती. रेडिओ पुढं बघून हसत होता. त्याच्या पाठीवरून तिला ते कळत होतं.

"हसा," ती म्हणाली. "तुम्हाला काय, आईबद्दल कधी एक शब्द काढावा लागला नाही. मीच आपली भिंतीशी बोलायची."

तिसऱ्या वळणाच्या पुढं पाइप कड्यावरून जात होता आणि वाटेत उभी लोखंडी शिडी होती, सतरा पायऱ्यांची. तिचे गुडघे बोलायला लागले आणि ती स्वतः बोलायची थांबली. रेडिओने वर चढून हात दिला. दोघं वर आली. धाप लागल्यामुळे कुणाच्याच तोंडून शब्द फुटत नव्हता. वळण समोरच, दहा पावलांवर होतं. एकतीस वर्षांत हे वळण रेडिओने कधी मुक्याने ओलांडलं नव्हतं. तिची धाप बसेपर्यंत थांबायला हवं हे त्याला कळत होतं. पण हातात तिचा हात होता, असा दिवसाउजेडी बऱ्याच वर्षांनी, आणि त्याचं लक्ष त्या हातात होतं. म्हणून तो चालत राहिला.

अस्वल झुडपात पाठमोरं बसलं होतं. फांदी ओढून फळं ओरबाडत होतं. त्याच्या पलीकडं दोन पिल्लं गवतात लोळत होती. पंचवीस पावलांचंही अंतर नसेल. वास आधी आला, ओल्या घोंगडीसारखा, आणि मग ती काळी पाठ वळली.

 बायकोने तोंड उघडलं, पण आतून काहीच आलं नाही. इतका वेळ धो धो चाललेला तिचा आवाज एकदम आटला.

रेडिओने तिला हळूच आपल्या मागं घेतलं. मागं शिडी होती. घाईने उतरणं म्हणजे पळणंच, आणि पळायचं नाही. पिल्लं पलीकडच्या बाजूला होती ही एकच बरी गोष्ट. त्याने नजर खाली वळवली, आपल्या बुटांकडं. अस्वलाच्या डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. मग तो बोलायला लागला. मोठ्याने नाही, एका लयीत, खालच्या खरखरीत आवाजात.

"आम्हीच आहोत. दोघंच. पाण्यासाठी आलोय. तू खा. जाळी साफ करायची आणि निघायचं, एवढंच काम."

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. नाक वर करून वास घेऊ लागलं.

"ही माझी बायको. तुला सांगितलंय मी हिच्याबद्दल. आज पहिल्यांदा आलीय. घाबरलीय ती. तिच्यावर रागावू नकोस. चूक माझी आहे, मी बोललो नाही."

अस्वल चार पायांवर आलं, पण गेलं नाही. त्याने फूं करून श्वास सोडला आणि तिथंच उभं राहिलं. ते जात नाही तोवर बोलणं थांबवायचं नाही, हाही नियमच होता. रेडिओ पुढं बोलू लागला.

"तुझी दोन आहेत का? छान आहेत. आमचा पहिला मुलगा होता. एकोणीस दिवसांचा होऊन गेला. तुला माहीतच आहे, दरवर्षी सांगतो. आज असता तर तिसावं लागलं असतं. मला वाटतं तो उंच झाला असता. हिच्या भावासारखा."

पाठीमागं त्याच्या कोटावरची मूठ घट्ट झाली.

"दुसऱ्याच दिवशी मी कामावर आलो. लोक म्हणाले, काळीज आहे का दगड. हिनेही तेच धरलं असेल मनात. बरोबरच आहे. त्याचं टोपडं माझ्या खिशात होतं. इथंपर्यंत बोलत आलो, वळणावळणावर, नेमाने. आणि मग इथं या पाइपावर बसून राहिलो. घरी हिच्यासमोर तोंड उघडलं असतं तर मी रडलो असतो. मी रडलो असतो तर हिला कुणी सावरलं असतं? महिनाभर भिंतीकडं तोंड करून पडली होती. म्हटलं, ही उठली की बोलू. ही उठली आणि कामाला लागली. मग म्हटलं, आता कशाला खपली काढायची. असं करता करता राहूनच गेलं."

त्याचा आवाज मधेच गेला. नुसता श्वास आला. त्याने घसा खाकरला, तोंडाला रक्ताची चव आली, ती त्याने गिळली.

"हिच्याशी बोलायला बसलो की जीभ उचलत नाही. चालताना जमतं. समोर कुणी नसलं की जमतं. हिचा आवाज मला आवडतो. सकाळी मोरीत बडबडते ना, तो. मी झोपलोय असं तिला वाटतं. मी ऐकत असतो. ऑपरेशननंतरही कान राहणार आहेत, डॉक्टरांना विचारून घेतलं मी."

झुडपात खसखस झाली. बायकोने त्याच्या खांद्यावरून पाहिलं. अस्वलाने मान वळवली, एका पिल्लाला नाकाने ढकललं आणि ते वळणाच्या वरच्या अंगाला, दाट झाडीकडं चालायला लागलं. कसलीही घाई नव्हती. पिल्लं मागून धडपडत गेली. काळी पाठ झाडांत एकदा दिसली, दोनदा दिसली, मग दिसेनाशी झाली. ओरबाडलेली फांदी थोडा वेळ हलत राहिली आणि थांबली.

रेडिओची नजर खालीच होती.

"गेलं का?" त्याने विचारलं.

अस्वल गेलं की नाही हे त्याला एकतीस वर्षांत कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. वासावरून कळायचं, पाचोळ्यावरून कळायचं. बायकोने रिकाम्या झुडपाकडं पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला तिने त्याच्या कोटावरचा हात काढला नाही.

"नाही," ती म्हणाली. "आहे अजून. बोला तुम्ही."

तो बुटांकडं बघत बोलत राहिला.