टिंब चुकलेला झेंडा

मी बर्फ किसायचा रंधा बोलतोय. ओतीव लोखंडाचा, हिरव्या रंगाचा, बाजूला मोठं चाक असलेला. जन्म ओसाकाच्या भट्टीतला, पण सगळं आयुष्य गेलं ताकेहारा गावात, तोकुझोच्या मिठाईच्या दुकानात. उगाच फुशारकी मारत नाही, पण माझ्या पात्याखालचा बर्फ जिभेवर टेकतो न टेकतो तोच विरघळतो.

आमच्यात कामाची वाटणी ठरलेली. तोकुझोची बायको मासुए वाटीच्या तळाशी लाल चवळीचं गोड पुरण आणि तांदळाचे मऊ गोळे घालायची. तोकुझो माझं चाक फिरवून त्यावर बर्फाचा डोंगर रचायचा. गिऱ्हाईक डोंगर फोडून पुरणापर्यंत पोचलं, की मासुए हळूच त्याच्या तोंडाकडे बघायची. तळाशी दडलेलं काही हाती लागलं की मोठी माणसंसुद्धा पोरासारखी खूश होतात.

हिवाळ्यात मासुए गेली. माझ्यावर जुनी चादर पडली. मला फार एकटं वाटायचं.

उन्हाळ्याच्या तोंडावर मुलगी चिझुरु ओसाकाहून आली, ती दुकान आवरायलाच.

"बाबा, हा उन्हाळा शेवटचा हं. एकट्याने रेटायचं वय आहे का तुमचं? नंतर भंगारवाल्याला बोलावते."

"बोलाव," तोकुझो म्हणाला. भंगारात जाणार होतो मी, पण मला कोण विचारतो!

दारावरचा 'बर्फ' लिहिलेला कापडी झेंडा जुना होऊन विरला होता. शेवटच्या उन्हाळ्याला नवा कशाला विकत घ्यायचा, म्हणून तोकुझोने स्वतःच कुंचला उचलला. पांढऱ्या कापडावर निळ्या लाटा, मधे एकच लाल अक्षर. आता आमच्या लिपीत 'बर्फ' आणि 'कायम' ही अक्षरं जवळजवळ जुळी. टिंब डाव्या खांद्यावर दिलं तर बर्फ, डोक्यावर दिलं तर कायम. तोकुझोने ते डोक्यावर दिलं आणि झेंडा टांगून मोकळा झाला.

पहिल्याच दुपारी शेजारच्या फुमिएबाई हसत आत शिरल्या.

"अहो तोकुझोसान, दुकान बंद करतोय म्हणून गावभर सांगितलंत, आणि दारावर 'कायम' टांगलंत? जन्मभर बर्फ विकला आणि बर्फ लिहिता येईना!"

तोकुझो तसाच बाहेर धावला. परत आला तो कानापर्यंत लाल होऊन. "चिझुरु, कुंचला आण. आणि दात काढू नकोस."

पण चिझुरुला हसू आवरेना. आई गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसत होती, आणि हसता हसता रडायला लागली.

"बाबा, खरं सांगा. चुकून लिहिलंत?"

"चुकूनच गं." तो दाराकडे वळला. "पण मला नाही बंद करायचं दुकान. घरात एकटा बसून करू काय?"

चिझुरुने डोळे पुसले. तिने फ्रीजरमधून बर्फाची लादी काढली, माझ्यात बसवली आणि तावातावाने चाक फिरवलं. वाळूसारखा चुरा पडला. मला लाज वाटली.

"अगं, लगेच नाही!" तोकुझो ओरडला. "आधी बर्फाला घाम येऊ दे. काचेसारखा चमकला की फिरव."

"मी थांबते हो," फुमिएबाई म्हणाल्या. "इथे आता कायमच चालणार ना!"

उन्हाळा सरल्यावर भंगारवाला आला. चिझुरुने त्याला वाटीभर बर्फ खाऊ घालून परत पाठवलं. आता ती दर शनिवारी येते आणि पुरण शिजवते. 'गोड फार झालं' म्हणत तोकुझो वाटी चाटूनपुसून खातो.

मी म्हातारा झालोय, चाक कुरकुरतं. विनंती एकच. कधी आलात, तर बर्फ खायला या. टिंब चुकलंय हे सांगायला आत येऊ नका. दर उन्हाळ्यात चिझुरु नवा झेंडा रंगवते, आणि टिंब डोक्यावरच देते.