झाडायला धूळ उरली नाही

"मशीन खरंच चालू हाय का रं?" कोंडाबाईनं ओरडून विचारलं.

"मग हा आवाज काय माज्या पोटातला व्हय, मावशी?" यंत्रापाशी उभा असलेला हौशीराम हसला.

मका खडखडत भरडला जात होता, तरी पलीकडची भिंत लख्ख दिसत होती. नाहीतर एव्हाना शेडमध्ये पिवळं धुकं दाटायचं. घरची मेंढरं विकल्यापासून कोंडाबाई खोडदहून या पशुखाद्याच्या कारखान्यात धूळ झाडायला येत होती. पोत्यांवरची, पत्र्यावरची धूळ झाडता यायची. छातीत गेलेली कशी झाडणार? तिच्या जोडीला झाडणारी गजराबाई धापा टाकतच देवाघरी गेली.

दिवाळीच्या आधी वेल्डिंगची ठिणगी त्या धुळीत पडली आणि भसकन जाळ उठला. हौशीरामच्या भुवयांवर निभावलं. मालक सयाजीराव त्या दिवसापासून रोज यंत्राभोवती चकरा मारत. आता त्यांनी यंत्राला सगळीकडून झाकणं बसवली होती, आणि धूळ ओढणारे जाड पाइप शेडबाहेरच्या कापडी पिशव्यांपर्यंत नेले होते.

कोंडाबाई झाडू घेऊन शेडभर फिरली. झाडावं असं काही सापडेना. धूळ नाही तर आपलं इथं काय काम?

शेवटी झाडू कोपऱ्यात उभा करून ती मालकांपुढे गेली.

"उद्यापास्नं येऊ का नको, येकदाच सांगा."

"का? बरं न्हाई का?"

"झाडायला कायच ऱ्हायलं न्हाई."

सयाजीरावांनी हातातली वही बाजूला ठेवली. "अवं मावशी, तुमाला घालवायला लावलेत व्हय ते पाइप? त्या जाळात हौशीरामसंगं तुमीबी व्हता. अजून डोळा लागत न्हाई माजा. जावा, पोती शिवायचं मशीन शिका."

"माजा हात वळंल का आता?"

"हौशीराम हाय की शिकवायला."

बाहेर येऊन ती तडक हौशीरामकडं गेली. जीव हलका झाला होता.

हौशीरामनं एक पोतं शिवून दाखवलं. दुसरं तिनं शिवलं, टीप नागमोडी गेली. दोरा कुठं अडकतोय ते बघायला तिनं तोंडावर सवयीनं बांधलेला फडका सोडला आणि खाली वाकली.

"मावशी, तुमच्या हनवटीवर गोंदण हाय?"

"ल्हानपणापास्नं हाय की!"

"येवढी वर्सं संगं काम केलं, आन मला ठावंच नाय, राव!"

"दिसंल कसं? तोंड उघडं ठिवलं की पीठ जायचं." ती हसली. हसण्यापाठोपाठ खोकला आला, पण आज लवकर निवला.

"कुणी गोंदलं?"

"मेंढरांमागं रानात मुक्काम व्हता, तितं गोंदणारीन आली व्हती. लई रडले मी. आय म्हनली, रडू नगं, चांगली दिसतीस."

पुढचं पोतं जवळ ओढून ती टीप सरळ धरू लागली. फडका मांडीवर तसाच पडला होता.